मागे राहिलेल्यांचा इतिहास

आजचा विषय अवघड आहे. घरातल्या एखाद्या माणसानं स्वतःच आपलं आयुष्य संपवलं, तर त्याच्या मागे जी माणसं राहतात, त्यांच्याविषयी मला बोलायचं आहे. मी इतिहासाची शिक्षिका, म्हणून सुरुवात एका जुन्या खटल्यापासून करते.

सर जेम्स हेल्स हे सोळाव्या शतकातले इंग्लंडचे एक मोठे न्यायाधीश. गादीच्या वारसाचा आणि धर्माचा वाद पेटला, त्यात ते सापडले. राणी मेरीच्या कारकिर्दीत त्यांना तुरुंगवास घडला. सुटून घरी आले, पण मन सावरलं नाही. १५५४ साली त्यांनी जीव दिला. त्यांच्या मागे पत्नी मार्गारेट राहिली. दोघांच्या नावावर मिळून भाडेपट्ट्यानं घेतलेली काही जमीन होती. एरवी एक गेला की जमीन दुसऱ्याकडे राहायची. पण मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी निकाल दिला, की सर जेम्स यांनी स्वतःचाच खून केला, म्हणजे ते गुन्हेगार. गुन्हेगाराची मालमत्ता राजाची. ती जमीन सिरियाक पेटिट नावाच्या गृहस्थाला देऊन टाकण्यात आली.

मार्गारेटबाई गप्प बसल्या नाहीत. त्या कोर्टात गेल्या. त्यांच्या वकिलांचं म्हणणं साधं होतं. माणूस मरेपर्यंत हा गुन्हा पुरा होत नाही, आणि तो मेला त्याच क्षणी जमीन पत्नीची झाली. मग जप्ती कशाची? यावर न्यायालयात बराच कीस काढला गेला. या कृत्याचे भाग किती, विचार कोणता, निश्चय कोणता, प्रत्यक्ष कृती कोणती, अशी चिरफाड झाली. अखेर १५६२ च्या सुमारास निकाल लागला. कृती जिवंतपणी घडली, सबब गुन्हा जिवंतपणीचा, सबब जमीन गेली. मार्गारेटबाई हरल्या. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये थडगं खणणारे दोघं ऑफेलियाच्या मृत्यूवर जो विनोदी कायदेशीर वाद घालतात, तो याच खटल्याची टिंगल आहे असं अभ्यासक मानतात.

या खटल्यात मला एक गोष्ट स्वच्छ दिसते. सर जेम्स कायद्याच्या हाताबाहेर गेले होते. शिक्षा झाली ती मार्गारेटबाईंना. आत्महत्येच्या इतिहासाची पुस्तकं चाळली, तर गेलेल्याविषयी पानंच्या पानं सापडतात. तो पापी की दुर्दैवी, वेडा की शहाणा, यावर शतकानुशतकं वाद झाले. मागे राहिलेल्यांविषयी मात्र फार थोडं लिहिलेलं असतं. आणि दंड तर त्यांनीच भरलेला असतो.

इंग्लंडमध्ये हा दंड दोन प्रकारचा होता. एक जप्तीचा. दुसरा दफनाचा. असा माणूस चर्चच्या आवारात पुरायचा नाही. रात्री चौरस्त्यावर खड्डा खणायचा, प्रार्थना म्हणायची नाही, कधी देहातून खुंटी ठोकायची. आपल्या मुलाच्या बाबतीत हे होताना पाहणाऱ्या आईचं काय होत असेल, याची कल्पना करावी.

पण याच इतिहासात माणुसकीचा एक झराही आहे. चौकशीला बसणारे पंच त्याच गावचे असत. विधवेला ओळखणारे, तिची लेकरं पाहिलेली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे पंच हळूहळू वेगळा निकाल देऊ लागले: ‘गुन्हा नाही, वेडाच्या भरात घडलं.’ तसं म्हटलं की घरदार वाचायचं आणि दफनही रीतसर व्हायचं. ब्लॅकस्टोनसारख्या कायदेपंडितानं यावर नाराजी दाखवली, की पंच ही सबब फार ताणतात. पंचांनी ऐकलं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ सगळेच निकाल ‘वेडाच्या भरात’ असे लागू लागले. कायदा बदलण्याच्या किती तरी आधी शेजाऱ्यांनी तो वाकवला होता. पुढे १८२३ साली चौरस्त्यावरचं दफन बंद झालं, तरी अट होती की रात्री नऊ ते बाराच्या दरम्यान, धर्मविधीविना पुरायचं. जप्ती १८७० साली गेली, रात्रीची अट १८८२ साली. आणि आत्महत्या हा गुन्हाच नाही, हे तिथल्या कायद्यानं मान्य केलं १९६१ साली.

आपल्याकडे काय होतं? मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती या दोन्ही ग्रंथांत स्वतःचा जीव देणाऱ्याला उदक द्यायचं नाही असं सांगितलं आहे. याज्ञवल्क्य तर अशौचही पाळू नये म्हणतो. अशौच म्हणजे सुतक. सुतकाला आपण आज विटाळाच्या अंगानं पाहतो. पण त्याची दुसरी बाजू अशी, की दहा-तेरा दिवस घरच्यांना रडायची मुभा असते. चूल शेजारचे पेटवतात, पिठलं-भात बाहेरून येतो, माणसं येऊन बसतात. ज्या घराला सुतकच नाही, त्या घराला दुःख करायलाही परवानगी नाही. मात्र इथंही एक दार किलकिलं ठेवलेलं दिसतं. वर्षानंतर नारायणबली करावा आणि मग उत्तरक्रिया करावी, अशी सोय नंतरच्या टीकाकारांनी सांगितली. त्र्यंबकेश्वरला आजही हा विधी होतो. त्या विधीवर विश्वास असो वा नसो, आईबापांना कुठं तरी निरोप द्यावासा वाटतो हे शास्त्रकारांनाही नाकारता आलं नाही, एवढं त्यातून कळतं.

मग इंग्रजांचं राज्य आलं. १८६० च्या भारतीय दंडविधानात जप्ती नव्हती, पण कलम ३०९ होतं. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत साधी कैद. जीव गेला तर पोलीस, पंचनामा. जीव वाचला तर गुन्हा. इंग्लंडनं १९६१ मध्ये हे सोडून दिलं, आपण धरून राहिलो. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानंही तसंच म्हटलं, आणि १९९६ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ते पुन्हा वैध ठरवलं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू झाला. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालावं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यावी, असं या कायद्यानं सांगितलं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, त्यात जुनं कलम उरलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरती एक तरतूद राहिली.

कायदा असा बदलत गेला. घराघरांतली तोंडं मात्र मिटलेलीच राहिली. याचं उदाहरण मी बाहेरचं कशाला देऊ?

माझ्या आत्याचा थोरला मुलगा, आमचा दादा, १९८४ साली असाच गेला. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. तिसऱ्या दिवशी घरातली मोठी माणसं बसली आणि ठरलं, की कुणी विचारलं तर ‘ताप डोक्यात गेला’ असं सांगायचं. हेतू वाईट नव्हता. पाठच्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. दादाचा फोटो भिंतीवर लागला नाही. त्याच्या वाढदिवसाला आत्या शेवयांची खीर करायची आणि कुणासाठी केली ते सांगायची नाही. आम्हीही मुकाट्यानं खायचो. बावीस वर्षं हे असंच चाललं. २००६ साली त्याच आळीतल्या एका घरातला विशीतला मुलगा गेला. लोक दारापर्यंत जाऊन परत येत होते. काय बोलावं हे कुणाला सुचत नव्हतं. आत्या सरळ आत गेली, त्या मुलाच्या आईशेजारी बसली आणि म्हणाली, “माझाही असाच गेला. ताप-बीप काही नव्हता.” बावीस वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं होतं. पुढं वर्षभर ती रोज दुपारी तिथं जायची. दोघी गहू निवडत बसायच्या. बोलणं थोडंच व्हायचं. त्याच वर्षी दादाचा फोटो हार घालून भिंतीवर लागला.

आत्याला जे आपलं आपण उमगलं, ते जगात आणखी काही जणांना उमगलं होतं. इतिहासाचा हा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो.

चॅड व्हारा नावाचे एक इंग्लिश धर्मोपदेशक होते. १९३५ साली, उमेदवारीच्या काळात, त्यांना एका चौदा वर्षांच्या मुलीच्या अंत्यविधीला उभं राहावं लागलं. तिला पाळी सुरू झाली होती. तो काही तरी भयंकर रोग आहे असं समजून तिनं जीव दिला होता. सांगणारं कुणी नव्हतं, विचारायची चोरी होती. ते दफन व्हारा विसरले नाहीत. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्यांनी लंडनच्या एका चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला आणि निराश माणसांनी फोन करावा, भेटायला यावं, असं जाहीर केलं. लोक येऊ लागले. रांग लागायची म्हणून बाहेरच्या खोलीत काही स्वयंसेवक चहा देत, जवळ बसत. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं, की बरेचसे लोक त्या बाहेरच्या खोलीतच मन मोकळं करतात आणि आत न येताच शांत होऊन घरी जातात. ऐकणारा विद्वान असावा लागत नाही, हा शोध तिथं लागला. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून उभी राहिली. आपल्याकडे चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली ‘स्नेहा’ सुरू केली, तीही याच धर्तीवर.

अमेरिकेत एडविन श्नाइडमन या मानसशास्त्रज्ञाच्या हाती १९४९ साली लॉस एंजलिसच्या सरकारी दप्तरात शेकडो चिठ्ठ्या लागल्या. जाणाऱ्यांनी शेवटी लिहिलेल्या. त्यातून त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास सुरू झाला आणि १९५८ साली आत्महत्या रोखण्यासाठीचं केंद्र निघालं. पण श्नाइडमन यांचं मोठेपण असं, की चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांकडून ते चिठ्ठ्या वाचणाऱ्यांकडे वळले. घटना घडून गेल्यानंतर घरच्यांची जी देखभाल करायची, तिला त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘पोस्टव्हेन्शन’ असं नाव दिलं. पश्चात-आधार म्हणू या आपण. अशा घरातल्या माणसांना नंतर स्वतःलाच धोका असतो, म्हणून आज त्यांना सावरणं ही उद्याची आत्महत्या टाळण्याची वाट आहे, असं त्यांनी मांडलं. एका मृत्यूमागे साधारण सहा जवळची माणसं होरपळतात, असा त्यांचा अंदाज होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनानं शेजारी, वर्गमित्र, सहकारी अशी त्या माणसाला ओळखणारी सगळीच माणसं मोजली, तेव्हा आकडा एकशे पस्तीसच्या घरात गेला.

सेनेटर हॅरी रीड यांचे वडील १९७२ साली असेच गेले. अमेरिकेच्या राजकारणात इतकं वर चढलेला हा माणूस वर्षानुवर्षं त्याविषयी चारचौघांत बोलला नव्हता. बोलले, आणि १९९९ साली त्यांच्या पुढाकारानं सेनेटनं अशा कुटुंबांसाठी वर्षातला एक दिवस ठरवून दिला. नोव्हेंबरमधल्या त्या शनिवारी आज अनेक देशांत ही माणसं एकत्र बसतात.

पण सगळ्यात जास्त धीर दाखवला तो जपानमधल्या मुलांनी. १९९८ साली जपानमध्ये आत्महत्यांची संख्या एकदम तीस हजारांच्या वर गेली. मंदी होती, कारखाने बंद पडत होते, आणि कर्त्या वयाचे पुरुष मोठ्या संख्येनं जात होते. त्यांची मुलं शाळेत सांगायची, बाबा हृदयविकारानं गेले. ‘आशिनागा’ नावाची एक संस्था पोरक्या मुलांना शिक्षणासाठी मदत करते. तिच्या शिबिरांमध्ये ही मुलं एकमेकांना भेटली. २००० साली त्यांनी आपले अनुभव एका पुस्तिकेत लिहिले; पुढे २००२ साली त्याचं पुस्तक झालं. ‘आत्महत्या हा शब्द आम्हाला उच्चारता आला नाही’ अशा अर्थाचं त्याचं नाव. काही जण नाव-चेहरा न लपवता लोकांसमोर आले. डिसेंबर २००१ मध्ये ही मुलं थेट पंतप्रधान कोइझुमींना भेटली. सरकारी भाषेत हा तोवर ज्याच्या त्याच्या खासगी आयुष्याचा प्रश्न होता. मुलांचं म्हणणं होतं, तीस हजार घरांचा प्रश्न खासगी कसा? एक लाखाहून जास्त सह्या गोळा झाल्या आणि २००६ साली जपाननं आत्महत्या प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला. मागे राहिलेल्या कुटुंबांना आधार देणं हे सरकारचं काम आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. २००३ साली तिथं ३४,४२७ माणसं गेली होती. २०१९ साली २०,१६९. वीस हजार हा आकडाही लहान नाही. पण उतार लागला, आणि ती वाट मोकळी करण्यात त्या मुलांचा वाटा आहे.

आता आपल्या घरी येऊ. २०२२ साली भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या. सर्व राज्यांत जास्त. त्यात विद्यार्थी आहेत, गृहिणी आहेत, मजूर आहेत आणि ज्यांची आपल्याकडे सर्वाधिक चर्चा होते ते शेतकरीही आहेत.

शेतकऱ्याच्या घरासाठी सरकारनं एक लाख रुपयांची मदत ठरवली. २००६ च्या निर्णयानुसार त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. मदत चांगलीच. पण त्याआधी चौकशी होते, कागद गोळा होतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरतं. कर्ज बँकेचं होतं का, सोसायटीचं होतं का, परवानाधारक सावकाराचं होतं का? थकलं होतं का? परवाना नसलेल्या सावकाराची चिठ्ठी चालत नाही. नवरा जाऊन महिना झालेला नसतो, आणि बाईला तो कोणत्या कारणानं गेला हे सिद्ध करावं लागतं. ‘अपात्र’ हा शिक्का बसला, की गावात कुजबुज सुरू होते: दुसरंच काही तरी असेल, दारू असेल, घरातलं भांडण असेल. हे वाचताना मला मार्गारेट हेल्स आठवतात. मेलेल्या नवऱ्याविषयी निकाल लागतो आणि तो जिवंत बायकोला भोगावा लागतो. साडेचारशे वर्षांत यात किती फरक पडला?

फरक पडला आहे, आणि तो या बायकांनीच पाडला आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटक विदर्भातून आलं. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. त्यात भूमिका करणाऱ्या बायका शेतकऱ्यांच्या विधवा आहेत. ज्यांच्याविषयी इतरांनी लेख लिहिले, अहवाल लिहिले, त्या स्वतः रंगमंचावर उभ्या राहून बोलल्या. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटनही अशाच एका शेतकरी महिलेनं केलं. आणि १९ मार्चचा दिवस पाहा. १९८६ साली याच तारखेला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचं करपे कुटुंब संपलं. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेला ओ देऊन त्या दिवशी ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. ज्यांना सुतकही नाही असं स्मृतींनी म्हटलं, त्यांच्यासाठी गावोगावची माणसं दिवसभर उपाशी राहतात. मला तरी हे सगळ्या समाजानं पाळलेलं सुतक वाटतं.

भाषेचाही यात भाग आहे. आत्महत्या या शब्दात हत्या आहे, आणि ती ‘केली’ असं आपण म्हणतो, गुन्हा केल्यासारखं. जपानमधल्या शिमाने प्रांतानं २०१३ साली आपल्या सरकारी कागदांतला असाच ‘हत्या’ असलेला शब्द बदलून ‘स्वतःचा मृत्यू’ अशा अर्थाचा शब्द घेतला, तो मागे राहिलेल्या कुटुंबांच्या आग्रहावरून. आपल्या बायाबापड्यांच्या बोलीत तर ‘जिवाचं बरंवाईट करून घेतलं’ हे शब्द आधीपासूनच आहेत. त्यात आरोप नाही, जिवाची हळहळ आहे.

अशा घरी आपल्याला कधी ना कधी जावं लागतं. जावंच. ‘कसं केलं’ हे विचारू नये. ‘तुम्हाला आधी काहीच कळलं नाही का?’ हे तर मुळीच विचारू नये. तो प्रश्न त्या घरातली आई रात्रभर स्वतःलाच विचारत असते. तिला राग येतो, गेलेल्याचाही येतो, आणि राग आला म्हणून पुन्हा लाज वाटते. हे सगळं स्वाभाविक आहे, एवढं कुणी तरी तिला सांगायला हवं. घरातल्या लहानांना त्यांना झेपेल अशा शब्दांत खरं सांगावं. खोटं फार दिवस टिकत नाही आणि उघडं पडलं की दोनदा दुखतं. तेराव्यानंतर माणसं येईनाशी होतात, तेव्हा आपण जावं. आणि कुणाला स्वतःलाच हे ओझं पेलवेनासं झालं, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून तो अहोरात्र आणि विनामूल्य चालू आहे.

जखम भरते का? पूर्ण भरत नसावी. ‘का’ या प्रश्नाचं उत्तर जाणारा बरोबर घेऊन गेलेला असतो. पण ज्या घरात त्याचं नाव पुन्हा उच्चारलं जातं, त्याच्या खोड्या आठवून कुणी हसतं, त्याला आवडणारी भाजी त्याच्या नावानं होते, त्या घरात तो त्याच्या शेवटच्या दिवसापुरता उरत नाही. त्याची आधीची वीस, तीस, चाळीस वर्षं घराला परत मिळतात. पुढच्या वेळी अशा घरी गेलात, तर गेलेल्या माणसाचं नाव घ्या. त्याची एखादी चांगली आठवण असेल तर ती सांगा. समोरचं माणूस रडेल. रडू द्यावं, आणि बसून राहावं.